पाचशे दहा रुपयांचा भोपळा आणि ट्रंकेची चावी

अर्जदार क्रमांक एक : मी स्वतः, वय पन्नाशीच्या अलीकडे, धंदा अर्जनवीस, बैठक नांदेडच्या एका सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर, लिंबाखाली.

अर्जदार क्रमांक दोन : माझे कुटुंब, माहेर लातूर, धंदा घरकाम व साड्यांना फॉल-पिको. हा अर्ज लिहू नका, असे तिने तीन वेळा बजावले आहे.

विषय : पत्र्याच्या ट्रंकेची चावी परत मिळण्याबाबत.

घटनेची तारीख : यंदाच्या कापणीच्या सणाचा रविवार, उपासना संपल्यानंतर, जेवणापूर्वी.

घटनेचे ठिकाण : आमच्या मंडळीचे चर्च. मधल्या खांबांच्या अलीकडे पुरुष, पलीकडे स्त्रिया.

साक्षीदार : पाळकसाहेब, पाळकीणबाई (ज्यांच्या ताब्यात सध्या चावी आहे), माझे साडू, राहणार लातूर, हर्रास पुकारणारे मंडळीचे वडील (म्हणजे एल्डर), स्त्रियांच्या बाजूची बोली ओरडून सांगणारी आत्याबाई, आणि उरलेली सर्व मंडळी, जी अद्याप हसत आहे.

नावे मुद्दाम दिलेली नाहीत. मंडळीतल्यांना ती ठाऊक आहेत आणि बाहेरच्यांना कळून उपयोग नाही.

हकीगत येणेप्रमाणे.

मी आठवी उत्तीर्ण आहे. नववीत जाऊन आलो. तरीही फाटकाबाहेरच्या सात टेबलांपैकी गर्दी माझ्याच टेबलापुढे असते, याचे कारण माझ्या अर्जात 'सबब' हा शब्द जिथे पडायला हवा तिथेच पडतो. सातबाऱ्यावरचे चुकलेले नाव, अडकलेला निराधार पगार, शेजाऱ्याने ढकललेला बांध, असे लोकांचे गुंते मी तीस वर्षे सोडवत आलो. स्वतःच्या घरचा अर्ज लिहिण्याची वेळ ही पहिलीच.

पैसा आपला नसतो, तो देवाचा असतो आणि आपण केवळ कारभारी, ही गोष्ट मी माझ्या वडिलांकडून शिकलो. आमचे गाव कंधार तालुक्यात. वडिलांकडे ना जमीन ना पगार, फक्त कोंबड्या. दर दहाव्या अंड्यावर ते कोळशाने फुली मारत आणि ते अंडे रविवारी चर्चला नेत. कोंबड्यांना हा नियम ठाऊक नसल्याने दहावे अंडे कधीकधी सगळ्यांत मोठे निघे. मी एकदा ते हळूच बदलून नवव्या जागी ठेवले. वडिलांनी मला मारले नाही. त्यांनी दोन्ही अंड्यांवर फुली मारली. त्या आठवड्यात माझ्या वाट्याला अंडे आले नाही, आणि दशमांशाचे गणित मात्र कायमचे आले.

गणित आले, पण वागणूक आली नाही, हे मला इथे प्रामाणिकपणे नमूद करावे लागते.

झाले असे की, गेल्या वर्षी आम्ही एका लग्नासाठी लातूरला गेलो होतो. तिथे साडूंनी माझ्या कानात सांगितले, "साडूसाहेब, एक दुकान बंद होऊन राहिलंय. झेरॉक्स मशीन चालू हालतीत हाय. तुमच्या टेबलाशेजारी ठेवा, बसल्या जागी पैसा." बसल्या जागी पैसा, ही कल्पना मला फार पटली, कारण मी तसाही बसलेलाच असतो. घरावरचे पत्रे बदलायला जमवलेली सगळी रक्कम मी मोजून दिली आणि मशीन कोथिंबिरीच्या टेम्पोत घालून नांदेडला आणले. वाटेत मी टेम्पोवाल्याला भावी उत्पन्नाचा हिशेब सांगितला. त्याने मला चहा पाजला.

मशीन चालू हालतीत होते, यात शंका नाही. ते चालत होते आणि प्रत्येक कागदाच्या मधोमध बोटभर रुंदीचा काळा पट्टा काढत होते. पट्ट्याखाली नेमके पक्षकाराचे नाव जाई. परत पाठवायचे म्हटले तर टेम्पोचे भाडेही उरले नव्हते. शेवटी मशीन भंगारात गेले आणि त्या पावसाळ्यात घरात चार ठिकाणी पातेली ठेवावी लागली.

त्यानंतरच्या कापणीच्या सणाच्या संध्याकाळी कुटुंबाने ट्रंकेला कुलूप घातले आणि चावी आपल्या मंगळसूत्रात ओवली. ट्रंकेत तीन कापडी पिशव्या ठेवल्या. पहिली देवाची, दुसरी घराची, तिसरी उद्याची. रोजची कमाई मी संध्याकाळी तिच्या हातात द्यायची. ती आधी देवाच्या पिशवीत दहावा हिस्सा टाकणार, मग बाकीचे वाटणार, आणि मला चहाला वीस रुपये देणार.

"आणि हे किती दिवस चालायचं?" मी विचारले.

"एक वरीस. पुढच्या कापणीच्या सणापर्यंत. एक रुपया बी लपला न्हाई, तर चावी दोघांची. दारामागच्या खिळ्याला टांगू. ज्याला लागंल त्यानं घ्यावी."

"आणि लपला तर?"

"मग चावी इथंच," असे म्हणून तिने गळ्याला हात लावला.

जिल्ह्यातल्या निम्म्या कुटुंबांची कागदपत्रे ज्याच्या हाताखालून गेली, त्याने रोज संध्याकाळी दारात उभे राहून खिसे उलटे करावेत, ही गोष्ट सोपी नव्हती.

"आज किती?"

"तीनशे चाळीस."

"बुशर्टच्या खिशात काय वाजून राहिलं?"

"ते सुट्टे आहेत."

"सुट्टे बी पैसेच असतात. काढा."

परंतु मला हेही नमूद करावे लागेल की, दोन-तीन महिन्यांत घराची हवा पालटली. किराणा दुकानदाराची उधारी फिटली. आधी मला पाहताच तो वही उघडायचा, आता दुकानाबाहेर येऊन हवापाण्याचे विचारू लागला. मला त्या माणसाला दात आहेत हेच ठाऊक नव्हते. रस्ता बदलून जाण्याची गरज संपल्यामुळे कचेरीला जायला मला दहा मिनिटे कमी लागू लागली. रविवारी दानाची थैली फिरे, तेव्हा आमचे दान आधीच कागदात बांधलेले असे. मी ते असे टाकी की थैली धरणाऱ्याला वजन कळावे. पत्रे नवे पडले. त्यांच्यावर कुटुंबाने भोपळ्याचा वेल चढवला. मी एवढा हलका झालो होतो की, एकदा टेबलावर बसल्याबसल्या उपासनेतले गीत गुणगुणलो आणि समोरच्या पक्षकाराने उठून दुसरा अर्जनवीस गाठला.

वर्ष पुरे व्हायला आठ दिवस राहिले होते. भोकरकडचा एक शेतकरी आला. त्याच्या सातबाऱ्यावरचे नाव माझ्या अर्जाने दुरुस्त झाले होते. त्याने पेढे दिले आणि वर पाचशेची एक नोट माझ्या हातात कोंबली. मी नको म्हणालो. दुसऱ्यांदा नको म्हणालो नाही.

ती नोट मी चष्म्याच्या डबीत, फडक्याखाली ठेवली. मनात मी त्याचा रीतसर मसुदाही केला : सदर रक्कम ही कमाई नसून आनंदाची भेट आहे, ती मी स्वतःसाठी नव्हे तर कापणीच्या सणाच्या हर्राशीत देवासाठी खर्च करणार आहे, सबब तिला लपवणे असे म्हणता येत नाही. मसुदा इतका चांगला उतरला की, मी स्वतःच त्यावर सही केली. घरी गेल्यावर कुटुंबाने विचारले, "आज किती?" मी म्हणालो, "दोनशे ऐंशी." आवाज किंचित बारीक निघाला. तिने मला तुळशीचा काढा दिला.

आमच्याकडच्या कापणीच्या सणाची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक घराने आपल्या हंगामातली पहिली वस्तू देवाला आणायची. कुणी सोयाबीन आणतो, कुणी हळद, कुणी केळीचा घड. ज्याला शेत नाही तो कोंबडी आणतो किंवा परड्यातली वांगी. उपासना झाली की, त्या वस्तूंची तिथेच हर्रास होते आणि पैसा देवाच्या कामाला जातो. चढाओढ अशी लागते की, चार वांगी बाजारच्या चार किलोंच्या भावाने जातात आणि घेणारा विजयी मुद्रेने घरी जातो. पुरुष आपली बोली स्वतः ओरडतात. स्त्रिया मात्र ओरडत नाहीत. ज्येष्ठ आत्याबाई खांबाजवळ खुर्ची टाकून बसते, तिला ज्या बाईने बोटांनी आकडा दाखवला तो ती ओरडते, "बाया साठ!" कोणती बाई, हे हर्रास तुटेपर्यंत कुणी विचारायचे नसते.

साडू लातूरहून मुद्दाम आले होते आणि माझ्या बाकावर बसले होते. मी स्वतः ओरडणार कसा? खांबापलीकडे कुटुंब बसलेले, माझा आवाज ती हजारात ओळखणार. पण मी अर्जनवीस आहे. दुसऱ्याच्या नावाने लिहिणे हाच माझा धंदा. मी खिशातून अर्ध्या कागदाच्या चिठ्ठ्या काढल्या आणि साडूंना म्हणालो, "मी आकडा लिहून देतो. आपण फक्त पुकारा."

"पैसे?"

"ते माझे."

"मंग काय हारकत न्हाई," साडू म्हणाले. मशीन प्रकरणानंतर ते माझे ऐकून घेत असत.

एक कोंबडी गेली, दोन पोती गेली, आणि मग हर्रास पुकारणाऱ्या वडिलांनी दोन्ही हातांनी एक तांबडा भोपळा उचलून डोक्यावर धरला. आमच्याच पत्र्यावरचा. सकाळी कुटुंबाने तो चुंबळीवर ठेवून डोक्यावरून आणला होता. मी त्याला रोज पाहत असे, पण चर्चच्या उजेडात तो मला मोठा झालेला वाटला.

"चाळीस!" मागून कुणीतरी म्हणाले.

चाळीस? नव्या पत्र्यांवरचा, कर्जमुक्त घरावरचा भोपळा चाळीस रुपयांना? मी चिठ्ठी लिहिली. साडूंनी पुकारले, "ऐंशी!"

"बाया शंभर!" आत्याबाई ओरडली.

"सव्वाशे!"

"बाया दीडशे!"

मी खांबाच्या कडेने पाहण्याचा प्रयत्न केला, पदरांशिवाय काही दिसले नाही. मला वाटले, दवाखान्यातली परिचारिका असणार. तिचा पगार चांगला आहे. मी दोनशे लिहिले. पलीकडून अडीचशे आले. पुकारणारे वडील भोपळ्याला थोपटून म्हणाले, "आत सोनं हाय का काय? असंल तर आधी सांगा, मी बी बोली लावतो." मंडळी हसली. साडूंना आता रंग चढला होता. ते उभे राहून पुकारू लागले, जणू पैसे त्यांचेच. "तीनशे! लातूर तीनशे!"

"बाया साडेतीनशे!" आत्याबाईने खुर्चीच्या हातावर थाप मारली. "लातूरला भोपळे पिकत न्हाईत काय रं?"

"साडेचारशे!"

"बाया चारशे साठ! मोजून घे!"

माझे कान गरम झाले होते. आठ दिवसांपूर्वी केलेला मसुदा, देव, शेतकरी, सगळे मी विसरलो होतो. मला फक्त जिंकायचे होते. मी शेवटची चिठ्ठी लिहिली आणि अक्षर, जे आयुष्यात कधी वाकडे गेले नाही, ते वाकडे गेले. "पाचशे!" साडू गरजले.

खांबापलीकडे काहीतरी कुजबुज झाली. मग आत्याबाई, आता उभी राहून, "बाया पाचशे दहा!"

माझ्याकडे आणखी वीस रुपये होते, पण ते परतीच्या रिक्षाचे होते. साडूंनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.

"पाचशे दहा एक, पाचशे दहा दोन, पाचशे दहा तीन! कुणाची बोली, आत्याबाई?"

आत्याबाईने बोट दाखवून जे नाव घेतले, ते माझ्या रेशनकार्डावर दुसऱ्या ओळीत आहे.

यानंतर माझ्या हातून जे घडले, ते केवळ तीस वर्षांच्या सवयीने घडले. मी ताडकन उभा राहिलो आणि हात वर करून म्हणालो, "हरकत आहे!"

"कशाची हरकत?" पुकारणाऱ्या वडिलांनी विचारले.

"सदर बोली माझ्याच विरुद्ध माझ्याच घरातून लागलेली आहे!"

वाक्य पुरे झाल्यावर मला त्याचा अर्थ कळला. मी गप्प बसलो असतो, तर सगळ्या बोल्या साडूंच्या नावावर जिरल्या असत्या. कुणाला काही समजले नसते. मंडळीला समजायला मात्र दोन श्वास लागले. खांबापलीकडून पदर सावरत कुटुंब उभे राहिले.

"म्हंजी ते दाजी नव्हते? तुमी होता?"

"हो."

"पाचशे रुपये कुठून आणले?"

"तू पाचशे दहा कुठून आणलेस?"

"आधी मी इचारलं!"

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, कारण हसण्याने त्यांचे डोळे भरले होते. आत्याबाई खुर्चीत मागे रेलली आणि तिला दोघींनी धरावे लागले. पुकारणारे वडील भोपळा छातीशी धरून म्हणाले, "कामून भांडून राहिले? भोपळा तुमचाच व्हता. घरीच ठिवला असता तर फुकट पडला असता."

मी डबीतून नोट काढून सर्वांसमोर धरली आणि शेतकऱ्याची हकीगत सांगितली. कुटुंबाने ब्लाऊजमधून एक बारकी पिशवी काढली. ती चौथी होती. वर्षभर फॉल-पिकोचे थोडे थोडे पैसे तिने त्यात टाकले होते, आणि मला एका शब्दाने कळू दिले नव्हते.

"ही कशासाठी?" मी विचारले. माझा आवाज दुखावलेला होता आणि तसा तो असण्याचा मला हक्क होता.

"तुमी पुन्हा एखादी मशीन आणली, तर परत धाडायला टेम्पोचं भाडं," ती म्हणाली.

त्यानंतर पाळकसाहेबांनी पाच मिनिटे कोणालाच बोलू दिले नाही, कारण बोलणे शक्यच नव्हते. हसू ओसरल्यावर पुकारणारे वडील म्हणाले की, नवरा-बायको एक घर, एका घराची बोली स्वतःवरच चढत नाही, तेव्हा भोपळा मागल्या बाकावरच्या चाळीस रुपयांना द्यावा. कायद्याने त्यांचे बरोबर होते. पण कुटुंब म्हणाले, "देवापुढं आकडा बोलून झाला. पाचशे दहा म्हंजी पाचशे दहा," आणि तिने पैसे मोजून दिले. मग मीही माझी नोट पुढे केली. ती पाळकसाहेबांनी घेतली नाही. म्हणाले, "ही लाजेपोटी येऊन राहिली. लाजेचं दान नको. घरी न्या, तिच्या हातात द्या, आणि मग दोघांनी मिळून जे आणायचं ते आणा."

रिक्षात भोपळा आमच्या दोघांच्या मध्ये होता. साडू पुढे रिक्षावाल्याशेजारी बसून त्याला सगळी हकीगत पहिल्यापासून सांगत होते. रिक्षावाल्याने दोनदा गाडी कडेला घेतली. मी कुटुंबाला विचारले, "एवढी चढाओढ कशासाठी केलीस?"

"चाळीसला जाऊन राहिला, तवा जीव तुटला. मग वाटलं, दाजी लातूरहून येऊन माझा भोपळा घेऊन जाणार? मग काय, हात थांबंचना." भोपळा सावरत ती म्हणाली, "देवाचं नावच ध्यानात राह्यलं न्हाई बघा."

मी म्हणालो, "माझ्याही." हे वाक्य मी तिला आजवर क्वचितच बोललो आहे.

संध्याकाळी भोपळ्याची भाजी झाली. पाळकसाहेब आणि पाळकीणबाई जेवायला आले. साडू प्रत्येक घासाला किंमत सांगत होते, "हा बारा रुपयाचा, हा पंधराचा." जेवण झाल्यावर मी विषय काढला की, वर्ष आजच पुरे होते, तरी चावीचे काय? कुटुंबाने मंगळसूत्रातून चावी काढली, तळहातावर ठेवून जरा वेळ पाहिली आणि पाळकीणबाईंच्या हातात दिली.

"ही तुमच्यापाशी ठिवा. ज्याच्यापाशी लपवायला काही न्हाई त्याला द्या."

"मग ही माझ्यापाशीच ऱ्हाणार दिसतंय," पाळकीणबाई म्हणाल्या. मग चावी पदराच्या टोकाला बांधत बोलल्या, "दोघांनी मिळून एका कागदावर सगळं लिहून आणा. काय येतं, काय जातं, काय झाकलं होतं. दोघांच्या सह्या. मग बघू."

आज या गोष्टीला बारा दिवस झाले. ट्रंक बंद आहे. तिच्यात तीन पिशव्या, कुटुंबाच्या चांगल्या साड्या आणि माझा एकुलता एक कोट आहे. पिशव्याच आत असल्याने आम्ही रोजची कमाई परातीत ओततो. माझी आणि तिच्या फॉल-पिकोची एकत्र. देवाचा हिस्सा आधी वेगळा काढतो, तो आता आळीपाळीने; एक दिवस ती, एक दिवस मी. चौथ्या पिशवीत उरलेले एकशे वीस रुपये आणि माझी पाचशेची नोट, दोन्ही परातीत आली. पहिल्या दिवशी मी परातीपुढे बसलो, तेव्हा मला उगाच हसू फुटले. कशाचे ते सांगता येत नाही. कुटुंब म्हणाले, "काय झालं?" आणि मग तीही हसू लागली. नाणी मोजता मोजता आकडा तीनदा चुकला. तीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी एकत्र बसून कधी पैसे मोजले नव्हते, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

पाळकीणबाईंनी मागितलेला कागद सोबत जोडला आहे. त्यात चष्म्याची डबी, चौथी पिशवी, भोकरकडच्या शेतकऱ्याची नोट आणि दोनशे ऐंशी म्हणताना बारीक झालेला माझा आवाज, हे सर्व नमूद आहे. मी तो अकरा पानांचा लिहिला होता. अर्जदार क्रमांक दोनने तो दोन पानांवर आणला आणि माझ्या सहीच्या वर आपली सही केली.

सबब विनंती की :

चावी अर्जदार क्रमांक एक किंवा दोन यांपैकी कोणाही एकाच्या हाती न देता, दोघांना एकाच वेळी बोलावून द्यावी, म्हणजे ती खिळ्याला टांगताना दोघेही हजर राहतील.

तसेच पुढील कापणीच्या सणापासून, हर्रास चालू असेपर्यंत तरी, नवरा-बायकोला एका बाकावर बसण्याची परवानगी मिळावी. खांबामुळे मंडळीतील इतर घरांतही किती पाचशे दहा होत असतील, याची चौकशी करण्यास अर्जदार तयार आहे.

वरील मजकूर खरा व बरोबर असून, अर्जदार क्रमांक दोनला तो वाचून दाखविला आहे. कोटावाचून अर्जदार क्रमांक एकचे रविवारी फार हाल होत आहेत. करिता निर्णय येत्या रविवारपूर्वी, आणि लेखी, मिळावा. तोंडी विचारले असता पाळकीणबाई नुसत्या हसतात, आणि हसण्यावर पोच देता येत नाही.